२०५० साली किती कार्बन जमिनीत जाणार? अंदाजांचा भरवसा आणि आपला काळा पाषाण

दुधनाकाठ (धागाकर्ती)

"दख्खनच्या पाषाणात देशाचा कार्बन मावेल" असं हल्ली बातम्यांत आणि भाषणांत वरचेवर ऐकू येतं. मी जालन्यात भूशास्त्र शिकवते. पोरं विचारतात, मॅडम, खरंच मावेल का? मावेल की नाही हा पुढचा प्रश्न. त्याआधीचा प्रश्न मला जास्त छळतो. हे तंत्र पुढच्या पंचवीस-पन्नास वर्षांत किती वापरलं जाणार याचे जे आकडे फिरतात, ते येतात कुठून आणि त्यांच्यावर किती भार टाकायचा?

विषय नवा असेल त्यांच्यासाठी थोडक्यात: वीजकेंद्र, सिमेंट, पोलाद, खत कारखाने यांच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड रसायनांनी वेगळा काढायचा, दाबून दाट करायचा, पाइपने न्यायचा आणि खोल खडकात सोडायचा. याला सीसीएस (कार्बन कॅप्चर अँड स्टोरेज) म्हणतात. हे काही कालपरवाचं नाही. नॉर्वेच्या समुद्रात स्लाइपनर इथे १९९६ पासून बरीच वर्षं दरसाल साधारण १० लाख टनांच्या आसपास वायू समुद्रतळाखालच्या वालुकाश्मात जात होता. तिथे ते जमलं, कारण १९९१ मध्ये नॉर्वेने समुद्रातल्या तेल-वायू उद्योगावर कार्बन कर लावला होता. वायू हवेत सोडण्यापेक्षा गाडणं स्वस्त पडत होतं.

आता आकडे. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-संस्थेच्या २०१८ च्या अहवालात तापमानवाढ दीड अंशावर रोखण्याचे चार नमुना मार्ग दिलेत. २१०० पर्यंत सीसीएसने एकूण किती साठवायचं? पहिल्या मार्गात शून्य, दुसऱ्यात ३४८ अब्ज टन, तिसऱ्यात ६८७ आणि चौथ्यात १,२१८. चारही मार्ग शतकाअखेर दीड अंशाच्या आसपास येतात; चौथा आधी बराच वर जाऊन मग खाली उतरतो. मुक्काम एकच आणि आकडा शून्यापासून बाराशे अब्ज टनांपर्यंत कुठेही!

आपल्याकडे नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात २०५० पर्यंत वर्षाला ७५ कोटी टन पकडण्याची शक्यता मांडली आहे. त्याच वर्षी एनटीपीसीच्या विंध्याचल केंद्रात दिवसाला २० टन पकडणारा संच सुरू झाला. म्हणजे वर्षाचे ७,३०० टन. ७५ कोटी ही त्याची एक लाख पट होते.

माझं मत आधीच सांगते. हे आकडे "इतकं होईल" असं सांगतच नाहीत. "बाकी अमुक अमुक झालं नाही, तर इतकं करावं लागेल" असं सांगतात. तो "तर" वाटेत गळतो आणि आपल्यापर्यंत नुसता आकडा पोचतो. खडक आपला, कोळशाची वीज आपल्याकडे, पाण्याची बोंब आपल्याकडे. म्हणून इथल्याच लोकांशी बोलायचंय.

---

गोदाकन्या

दुधनाकाठ ताई, धाग्याबद्दल आभार. मी मूळची नांदेडची, पुण्यात ऊर्जेच्या मॉडेलिंगचं काम करते. "तर" गळतो हे शंभर टक्के खरं.

हे आकडे संगणकी मॉडेलांतून येतात. मॉडेल काय करतं ते सांगते. त्याला एक उद्दिष्ट दिलेलं असतं (समजा दीड अंश किंवा दोन अंश) आणि तंत्रांची यादी, प्रत्येकाच्या अंदाजी किमतीसह. ते सगळ्यांत स्वस्त मिश्रण शोधतं. यादीत सीसीएस स्वस्त दाखवलं की ते भरपूर येतं. सौर आणि बॅटरी स्वस्त दाखवली की सीसीएस आटतं. लोक कमी वीज वापरतील असं धरलं की आणखी आटतं. आयपीसीसीचा पहिला मार्ग हाच: मागणीच कमी ठेवलेली, म्हणून सीसीएस शून्य.

दुसरी गोष्ट क्वचितच बोलली जाते, ती म्हणजे भविष्यातल्या खर्चावर लावलेला वटाव. वर्षाला ५ टक्के दर धरला तर ५५ वर्षांनी होणारा १०० रुपयांचा खर्च आज जेमतेम ७ रुपयांचा दिसतो. मग मॉडेल म्हणतं, आज कपात कशाला, २०८० मध्ये हवेतून काढून गाडू. शतकाच्या उत्तरार्धात सीसीएसचे डोंगर दिसतात त्याचं एक मोठं कारण हे. त्यात खडकाचा काहीच संबंध नाही. आत्ताच्या पिढीने पुढच्या पिढीच्या पैशाला किती किंमत द्यायची, हा तो निर्णय आहे, आणि तो मॉडेल लिहिणाऱ्याने घेतलेला असतो.

आणि झालेलं पाहायचं तर आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा २००९ चा आराखडा काढा. २०२० पर्यंत जगात १०० मोठे प्रकल्प हवेत असं त्यात होतं. २०२० साली चालू होते पंचवीस-सव्वीस, त्यांची क्षमता वर्षाला ४ कोटी टनांच्या आसपास, आणि त्यातलेही बरेच तेलविहिरीतून उरलंसुरलं तेल वर ढकलण्यासाठी. त्याच संस्थेने २०२१ च्या नेट झिरो अहवालात २०३० साठी वर्षाला १६० कोटी टन धरले होते. २०२३ च्या सुधारित अहवालात ते १०० कोटींवर आणले. २०५० चा आकडाही ७६० वरून ६०० कोटींवर आला. दोन वर्षांत जमिनीखालचे खडक बदलले नाहीत. बदलल्या त्या सौर, बॅटरीच्या किमती आणि प्रकल्पांचा रखडलेला वेग.

---

वाचनमात्र

पण अंदाज चुकतातच ना? सौरऊर्जेचेही चुकले होते. मग सीसीएसलाच वेगळा न्याय का?

---

गोदाकन्या

@वाचनमात्र, चांगला प्रश्न. चुकले दोन्ही, पण उलट्या दिशांनी. सौरचे अंदाज सतत कमी पडले, सीसीएसचे सतत जास्त ठरले. आपल्या राष्ट्रीय सौर अभियानाचं २०१० चं लक्ष्य होतं २०२२ पर्यंत २० गिगावॅट. ते २०१८ मध्येच गाठलं. जानेवारी २०२५ मध्ये आपण १०० गिगावॅट ओलांडले.

कारण तंत्राच्या घडणीत आहे. सौर पॅनल कारखान्यात एकसारखं बनतं, कोट्यवधींनी बनतं, प्रत्येक खेपेला थोडं स्वस्त होतं. लातूरच्या छपरावर बसतं तेच राजस्थानात बसतं. सीसीएसचा प्रत्येक प्रकल्प मात्र मुळापासून वेगळा: वेगळा धूर, वेगळा खडक, वेगळी पाइपलाइन, वेगळे परवाने. एका ठिकाणचं शिकलेलं दुसरीकडे अर्धंमुर्धंच लागू पडतं.

काही उदाहरणं देते. अमेरिकेत मिसिसिपीतलं केम्पर: सुमारे साडेसात अब्ज डॉलर घालून २०१७ मध्ये कोळशाचा वायू करून कार्बन पकडण्याचा भाग सोडून दिला. टेक्सासचं पेट्रा नोव्हा: २०१७ ला सुरू, तेलाचे भाव पडले तसं २०२० ला बंद, २०२३ ला पुन्हा सुरू. अल्जीरियातलं इन सलाह: २००४ ला सुरू, खडकाच्या वागण्याबद्दल शंका आल्यावर २०११ ला थांबवलं. ऑस्ट्रेलियाचं गॉर्गन: वर्षाला ४० लाख टनांपर्यंतचं उद्दिष्ट, प्रत्यक्षात त्याच्या निम्मंही सातत्याने जमलेलं नाही. नेचर क्लायमेट चेंज या संशोधन-नियतकालिकात २०२४ साली आलेल्या एका अभ्यासाने हा सगळा इतिहास धरून हिशोब केला, तर शतकाअखेर एकूण ६०० अब्ज टनांच्या वर जाणं कठीण असं दिसलं. वरचा १,२१८ चा मार्ग त्याच्या दुप्पट आहे.

---

चुनखडी

मी कोरपन्याकडे सिमेंट कारखान्यात आहे, गाव उदगीर. वरचं वाचून "सीसीएस म्हणजे थोतांड" असा कुणाचा समज व्हायला नको, म्हणून लिहितो.

सिमेंटमध्ये निम्म्याहून जास्त कार्बन इंधनातून येतच नाही. चुनखडी भाजली की दगडातूनच तो सुटतो. भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी तो भाग राहणारच. नॉर्वेत ब्रेविकच्या सिमेंट कारखान्यात २०२५ मध्ये वर्षाला ४ लाख टन पकडणारा संच सुरू झाला आणि तो वायू जहाजाने नेऊन समुद्रतळाखाली सोडतात. सरकारने मोठा वाटा उचलला, हे खरं. पण झालं.

माझ्या मते कोळशाच्या विजेला पर्याय आहेत, सिमेंटला फारसे नाहीत. एकच बेरजेचा आकडा दिला की हा फरक पुसला जातो. "७५ कोटी टन" म्हटल्यावर त्यात किती कुणाचे, हे आधी विचारा.

---

दुधनाकाठ

@चुनखडी, अगदी योग्य मुद्दा. कोणत्या धुराला दुसरा इलाज नाही ते आधी ठरलं, तर अंदाजाचा पैसही आपोआप आवळत जाईल.

जालन्याच्या सळईच्या कारखान्यांबद्दल माझे विद्यार्थी विचारतात. तिथे मुख्यतः भंगार विजेच्या भट्टीत वितळवतात. त्यांचा बराचसा कार्बन जालन्यात सुटत नाही, वीज जिथे बनते तिथे सुटतो. त्या कारखान्यांवर पकडण्याचा संच बसवण्यात अर्थ नाही, वीज स्वच्छ करण्यात आहे.

---

परळीकर

मी औष्णिक केंद्रात नोकरीला होतो, आता निवृत्त आहे. आमच्या परळीच्या केंद्राचा हिशोब मांडतो, प्रत्येकाने आपापला तपासून बघावा.

सध्या २५० मेगावॅटचे तीन संच, म्हणजे ७५० मेगावॅट. वर्षभर सरासरी ६० टक्के भाराने चालले असं धरू. वर्षाला सुमारे ३९४ कोटी युनिट. युनिटमागे साधारण १ किलो कार्बन डायऑक्साइड. झाले ३९ लाख टन.

पकडण्याची किंमत केंद्र स्वतःच्या विजेतून मोजतं. रसायन तापवून वायू सोडवायला वाफ लागते, तो दाबायला वीज लागते. बनलेल्या विजेतला पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त त्यातच जातो. थंड करायला पाणी वेगळं. आणि पाण्याचं म्हणाल तर २०१३ मध्ये खडका बंधाऱ्यात पाणी नव्हतं म्हणून केंद्र बंद ठेवावं लागलं, २०१५ मध्ये पुन्हा तेच. आहे त्या केंद्राला पाणी नाही, तिथे जास्त पाणी पिणारा संच बसवला तर दुष्काळी वर्षात तो पहिला बंद होणार. हे कोणत्या मॉडेलमध्ये आहे?

---

गोदाकन्या

@परळीकर काका, बहुतेक जागतिक मॉडेलांत नाही. तिथे भारत म्हणजे एक ठिपका असतो, फार तर चार-पाच ठिपके. माजलगाव धरण भरलं की नाही हे त्या ठिपक्यात दिसत नाही.

---

बोअरवाला_अंबड

मॅडम, मी शिकलेला कमी, पण माझी बोअरची गाडी आहे. बासॉल्ट म्हणजे आपला काळा पाषाणच ना? मग ऐका. एका वावरात बोअर घेतला, साडेतीनशे फुटाला दोन इंच पाणी. त्याच वावरात पन्नास पावलांवर दुसरा घेतला, सहाशे फूट नुसता फुफाटा. मधे लाल गेरूचा थर लागतो, मांजऱ्या लागतो, परत घट्ट पाषाण. वरून सांगता येत नाही. पाणाड्याला पण नाही अन् मशीनवाल्याला पण नाही. मग एवढ्या मोठ्या मुलखात किती वायू मावंल हे न बोअर घेता कसं काय सांगत्यात?

---

दुधनाकाठ

@बोअरवाला_अंबड दादा, या धाग्यातला सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारलात. नीट उत्तर देते.

भारतातल्या साठवणक्षमतेचा जो अंदाज सर्वाधिक वापरला जातो, तो ३९५ ते ६१४ अब्ज टन असा आहे. त्यातले २९१ अब्ज टन खोल खाऱ्या पाण्याच्या थरांत. बासॉल्टचा वाटा ९७ ते ३१६ अब्ज टन. एकूण आकड्यात जी अनिश्चितता आहे, ती सगळी आपल्या काळ्या पाषाणाची! कारण उघड आहे: खडकाचं क्षेत्रफळ आणि जाडी धरायची, त्यातला किती भाग सच्छिद्र आणि किती भागाशी वायूची रासायनिक क्रिया होईल ते गृहीत धरायचं आणि गुणाकार करायचा. गृहीतक तिप्पट केलं, की उत्तर तिप्पट.

वायू आत शिरतो तो मांजऱ्यासारख्या सच्छिद्र थरांतून आणि भेगांतून. घट्ट पाषाण वरून झाकण म्हणून चांगला, पण त्यात काही शिरत नाही. तुमचा कोरडा बोअर आणि दोन इंची बोअर हा फरक इथेही तसाच राहणार. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात भूजल सर्वेक्षण यंत्रणा उभी राहिली, तेव्हापासूनच्या विहिरी-बोअरच्या नोंदी आहेत. पण त्या वरच्या थरांच्या. या कामाला लागणाऱ्या खोलीची माहिती फार थोड्या जागी आहे.

खोलीचंही सांगते. वायू दाट द्रवासारखा राहायला साधारण ८०० मीटर खोली लागते. किल्लारीला भूकंपानंतर संशोधनासाठी छिद्र घेतलं, तिथे बासॉल्ट ३३८ मीटरला संपला. खाली थोडासा गाळाचा थर आणि मग ग्रॅनाइट. कोयनेकडे हीच जाडी ९०० मीटरच्या वर आहे. म्हणजे नकाशावर सगळा "दख्खन" एकाच रंगात रंगवला असला तरी मराठवाड्याच्या दक्षिण भागात तो उथळ आहे. पश्चिमेकडे जाऊ तसा तो जाड होत जातो.

---

वाचनमात्र

पण आइसलँडमध्ये बासॉल्टमध्येच केलंय ना? दोन वर्षांत दगड झाला म्हणे.

---

दुधनाकाठ

हो, कार्बफिक्स नावाचा प्रकल्प. २०१२ मध्ये सुमारे २३० टन सोडले आणि दोन वर्षांच्या आत ९५ टक्क्यांहून जास्त खनिजरूप झाले. बासॉल्टमधलं कॅल्शियम, मॅग्नेशियम त्या वायूला बांधून टाकतं. हे फार मोलाचं आहे, कारण दगड झालेला वायू गळत नाही. तिथली पद्धत कमी खोलीवरही चालते, कारण वायू पाण्यात विरघळवून सोडतात.

मात्र टनामागे साधारण २५ टन पाणी लागतं. परळीकरांचे ३९ लाख टन घ्या. जवळपास ९८ दलघमी (दशलक्ष घनमीटर) पाणी. मांजरा धरणाचा उपयुक्त साठा १७७ दलघमी आहे. अर्ध्याहून जास्त धरण, एका केंद्रासाठी, दरवर्षी.

पाणी त्याच थरातून उपसून पुन्हा वापरता येतं, समुद्राच्या पाण्यावरही प्रयोग झालेत, हे न्यायाने सांगायला हवं. आणि अमेरिकेत वॉलुला इथे २०१३ मध्ये पाण्याशिवाय, दाबलेला वायूच बासॉल्टमध्ये सोडला होता, हजार टनांच्या आत-बाहेर. तिथेही दोन वर्षांत बराचसा खनिज झाला. पण त्याला खोली लागते, जी किल्लारीकडे नाही. आणि शेकडो टनांवरून कोट्यवधी टनांवर उडी मारताना दाब, भेगा, झिजलेल्या-बुजलेल्या छिद्रांचे प्रश्न वेगळेच निघतात.

---

लातूरकर_७२

२०१६ ला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली तेव्हा आम्ही घागरी घेऊन रांगेत होतो. पन्नास वाघिणी, २५ लाख लिटर. वरच्या हिशोबाने एका गाडीच्या पाण्यात १०० टन वायू जाईल. परळीकरांच्या आकड्यांवरून तो केंद्राचा पाव तासाचाही धूर होत नाही. मला एवढंच मांडायचं होतं.

---

तेरणाकाठ

माझं गाव औसा तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या घरात अजून बोलली जात नाही. जमिनीत दाबाने काही सोडूलालेत म्हटलं की आईचा चेहरा बदलतो. याने भूकंप होऊ शकतो का, सरळ सांगा.

---

दुधनाकाठ

@तेरणाकाठ, सरळच सांगते. जमिनीत दाबाने द्रव सोडल्याने भूकंप झाल्याची नोंद आहे. अमेरिकेत ओक्लाहोमामध्ये तेलविहिरींचं सांडपाणी खोल सोडत होते. २०१६ मध्ये पॉनी इथे ५.८ चा धक्का बसला. सीसीएसच्या जागांवर आजवर नोंदले गेले ते बहुतेक अतिसूक्ष्म धक्के, माणसाला न जाणवणारे. धोका ठरतो तो किती, किती वेगाने आणि कोणत्या भेगेजवळ सोडतो त्यावर.

किल्लारीच्या बाबतीत माकणीच्या जलाशयाचा संबंध होता का यावर भूशास्त्रज्ञांत बराच वाद झाला. तिथे पूर्वी मोठी भ्रंशरेषा ज्ञात नव्हती, हाच तर धडा होता. हिंगोलीकडे मार्च २०२४ मध्ये ४.५ चा धक्का बसला. त्यामुळे माझं ठाम मत आहे: लातूर, धाराशिव, हिंगोली या पट्ट्यात आधी वर्षानुवर्षांचं भूकंपमापन, मग बाकी चर्चा. आणि साठवणक्षमतेच्या हिशोबातून हा पट्टा तोवर वजा धरावा. क्षमतेचे राष्ट्रीय आकडे अशी वजाबाकी करत नाहीत. २०२५ मध्ये नेचरमध्ये आलेल्या एका अभ्यासाने जगासाठी अशी वजाबाकी केली: भूकंपप्रवण भाग, दाट वस्ती वगैरे काढून. जवळपास ११,८०० अब्ज टनांवरून आकडा १,४६० वर आला.

आईंना माझा नमस्कार सांगा.

---

आसवनी

मी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट आहे. आमच्याकडचा वायू यात कुणी धरला नाही म्हणून लिहितो.

मळी किंवा रस आंबवताना जो कार्बन डायऑक्साइड निघतो तो जवळजवळ शुद्ध असतो. धुरातून वेगळा काढण्याचा खर्च नाही. लिटरभर इथेनॉलमागे पाऊण किलो. दिवसाला एक लाख लिटरची डिस्टिलरी असेल तर ७५ टन. विंध्याचलच्या संचाच्या पावणेचारपट! काही ठिकाणी तो शीतपेयं आणि ड्राय आइससाठी विकतात, बाकीचा हवेत. ऊस हवेतूनच कार्बन घेतो, त्यामुळे हा गाडला तर हवेतून काढल्यासारखंच आहे.

---

गोदाकन्या

@आसवनी, बरोबर. मॉडेलांतला शतकाच्या उत्तरार्धाचा मोठा भाग यावरच उभा असतो. अमेरिकेत डेकेटर इथे इथेनॉल कारखान्याचा वायू २०११ पासून खोल वालुकाश्मात सोडतात. २०२४ मध्ये तिथल्या एका देखरेख विहिरीत द्रव ठरलेल्या थराबाहेर गेल्याचं दिसलं आणि काम काही काळ थांबवलं. देखरेख होती म्हणून कळलं.

पण तुमचा वायू दरवर्षी तेवढाच मिळेल का?

---

आसवनी

नाही ना. हीच खरी अडचण. डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी, साखर कमी पडेल म्हणून केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉलवर बंधनं आणली. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये उठवली. एका आदेशाने वायू निम्मा होतो, एका आदेशाने परत येतो. शिवाय मराठवाड्यात ऊस असावा किती, हाच वाद आहे. गाळपाचे महिने सोडले तर बाकीचे महिने साठवलेल्या मळीवर किंवा धान्यावर. पाइपलाइन आणि इंजेक्शनची विहीर मात्र वर्षभर, तीस वर्षं चालेल या हिशोबाने बांधावी लागणार. बँक पैसे देईल का?

---

दुधनाकाठ

@आसवनी, अमेरिकेत टनामागे करसवलत ५० वरून २०२२ मध्ये ८५ डॉलर केली, तेव्हा तिथे प्रकल्पांच्या घोषणांचा पूर आला. आपल्याकडे टनामागे असा ठरलेला भाव नाही. भाव ठरेपर्यंत अंदाजाचा कोणताही वक्र कागदावर कसाही काढता येतो.

तुमच्याकडून एक माहिती हवी आहे. हंगामवार, महिनावार आंबवणीतून किती वायू निघाला याची नोंद कारखाने ठेवतात का? कारखान्याचं नाव नको, नुसता नमुना चालेल. आणि बोअरवाला दादा, तुम्ही चारशे फुटांच्या खालचे जे बोअर घेतलेत त्यांत कोणत्या फुटाला कोणता थर लागला, हे वहीत असेल तर फोटो टाका. अंबड, घनसावंगी, परतूर या तीन तालुक्यांपुरता तरी सच्छिद्र थरांचा तक्ता विद्यार्थ्यांकडून करून घेते.

---

बोअरवाला_अंबड

वही हाय मॅडम. तेरा सालापासूनची. पहिली काही पानं पावसात भिजल्यात, बाकी साफ हायत. उद्या फोटो टाकतो.

---

आसवनी

आंबवणीचा वायू बहुतेक जण मोजत नाहीत, इथेनॉलच्या उत्पादनावरून काढावा लागेल. इथेनॉलचे महिनावार आकडे असतात. बी-हेवी, सी-हेवी (हे मळीचे प्रकार) आणि रस वेगळे करून देतो.